जुन्या डेपोतली जनसुनवाई

श्रावणातल्या त्या सोमवारी अपर्णा चिटणीस घरून निघाली ती फक्त खुर्च्या नीट लागल्यात का ते बघायला. टेंटवाल्याला सकाळपासून फोन चालले होते. तो प्रत्येक वेळी म्हणत होता, "लग गई मॅडम, लग गई." उज्जैनचा टेंटवाला दोनदा 'लग गई' म्हणाला की समजायचं, टेम्पो अजून गोडाऊनमधून हललेला नाही. त्यात तो दिवस महाकाळाच्या सवारीचा, म्हणजे देवाची पालखी गावातून फिरायचा. दुपारनंतर अर्धं गाव रस्त्यावर असणार आणि उरलेलं अर्धं गच्चीवर. देवास गेटकडचे रस्ते बंद व्हायच्या आत पलीकडे पोचायचं म्हणून तिनं जेवण अर्ध्यावर टाकलं आणि स्कूटी काढली.

आता तुम्ही म्हणाल, सवारीच्या दिवशी कुणी सुनावणी ठेवतं का? आणि तीही उज्जैनात? अहो, तेच तर सांगतोय. मुद्दाम ठेवली होती.

मक्सी रोडच्या अंगाला मिलिटरीचा जुना डेपो आहे. तंबू, दोरखंड, घोंगड्या, रॉकेलची पिंपं, असला बिनबंदुकीचा संसार तिथं साठवायचे. फौज केव्हाच निघून गेली. मागे राहिली लांबलचक शेडं, कवायतीचं मैदान आणि माजलेल्या बाभळी. दोन वर्षांपूर्वी ती जमीन शहराच्या हाती आली आणि सगळ्यांना एकदम स्वप्नं पडायला लागली. बेत असा होता की रस्त्यालगतचा पट्टा हॉटेलवाल्यांना विकायचा आणि त्या पैशात दिल्लीच्या एका संस्थेचं कर्ज घालून मागे बाग, संग्रहालय आणि भलंमोठं पार्किंग करायचं. अठ्ठावीस सालचा सिंहस्थ तोंडावर आलेला, त्यामुळे जो तो घाईत.

नकाशा अपर्णाचा. इंदूरच्या एका सल्लागार कंपनीत ती नोकरीला होती. कामाची पोरगी, हुशार, कुणाला उलट न बोलणारी. कर्ज देणाऱ्यांची अट मात्र चिवट होती. आधी जनसुनवाई घ्या, म्हणाले. लोकांसमोर नकाशा मांडा. अध्यक्षानं तीनदा विचारायचं, कुणाची काही हरकत आहे का. हरकत नसेल तर पहिला हप्ता लगेच सुटेल. एक जरी हरकत नोंदली गेली तरी पुन्हा पाहणी, पुन्हा चौकशी, आणि पैसा पुढच्या वर्षावर.

आणि एक हरकत येणार होती. ती कुठून येणार हे अपर्णाला पक्कं ठाऊक होतं, कारण ती तिच्या घरासमोरच राहत होती.

माधव नगरात अपर्णाच्या घरासमोरच्या बिल्डिंगीत, पहिल्या मजल्यावर, मंगलाकाकू कर्णिक. अपर्णाची आई बँकेत. त्यामुळे शाळेतून आल्यावर गरम पोळी मिळायची ती काकूंकडेच. वेणी काकूंनी घालायची, पाढे काकूंनी घ्यायचे. काकूंना स्वतःचं मूल नव्हतं. नवरा होता, तो त्या डेपोत स्टोअरकीपर. अपर्णा रांगत असेल तेव्हाची गोष्ट. एका उन्हाळ्यात डेपोचं मोठं शेड पेटलं. माल बाहेर काढायला म्हणून आत गेलेली माणसं बाहेर आलीच नाहीत. आग विझली तेव्हा उचलायला काही उरलंच नव्हतं. क्षिप्रेकाठी राहून माणसाच्या नावानं नदीत सोडायला मूठभर राख नसावी, याहून वाईट ते काय!

मग त्या घरांनी फौजेच्या मागे लागून जळक्या शेडच्या मागे विटांचा एक ओटा बांधून घेतला. दर सर्वपित्री अमावास्येला डेपोचं फाटक त्यांच्यासाठी उघडायचं. प्रत्येक घर आपापलं पान मांडायचं. मराठी घरं होती, मालवी होती. रज्जाक ड्रायव्हरची बायको पान मांडत नसे, ती गुलाबाची फुलं ठेवून जायची. फौज गेल्यावरही चौकीदार गुपचूप फाटक उघडून द्यायचा, त्यात कधी खंड पडला नाही.

अपर्णाच्या नकाशात त्या ओट्याच्या बरोबर डोक्यावर हॉटेलच्या तळघराकडे उतरणारा रॅम्प होता.

"अपर्णा, तू नकाशा करते ना त्या डेपोचा?" काकूंनी एकदा पोळ्या लाटता लाटताच विचारलं होतं.

"हो काकू."

"मला बगीचा नको, म्युझियम नको. तो ओटा तेवढा राहू द्या बाई. दोन हात जागा. मतलब, बाकी तुम्ही काहीही बांधा. आमच्या लोकांना दुसरा पत्ता नाही गं."

अपर्णानं लाटलेली पोळी तव्यावर टाकली. ती म्हणाली, "काकू, सुनावणीला या आणि उठून एवढंच सांगा. तुम्ही बोललात की लिहून घ्यावंच लागतं. मी आहे ना तिथं." आणि म्हणाली ती अगदी मनापासून. त्या दिवशी तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं.

पण ऑफिसात अभिजीत सर होते. तिचे साहेब, मोठे गोड माणूस. ते रागावत नसत, आवाज चढवत नसत. तिनं रॅम्प सरकवायचं सुचवलं तेव्हा नकाशाकडे बघून ते म्हणाले, "सरकवू की. पण मग पुढचा प्लॉट आक्रसतो. भाव पडतो, कर्जाचं गणित बसत नाही, आणि बाग कागदावरच राहते." मग मोबाईल चाळत, वर न बघता हळूच म्हणाले, "त्या बाई येणारच आहेत का पण? या वयात? आणि पुढचा फेज तूच बघावास असं माझ्या डोक्यात आहे."

बस, एवढंच. कुणी तिच्या कानशिलाला पिस्तूल लावलं नाही. सवारीच्या सोमवारची तारीख सुचवली ती अपर्णानंच. कुणी वाचत नाही अशा पेपरात जाहिरात दिली ती तिनंच. आणि शनिवारी संध्याकाळी जिना चढून काकूंकडे जाऊन "सुनावणी पुढे गेली काकू, दिवाळीनंतर बघू" असं तोंड वर करून सांगितलं तेही तिनंच.

काकूंचा चेहरा खुलला. "बरं झालं गं. माझे गुडघे कुठले एवढं चालायला! बस, साबुदाणावडे केलेत." आणि खाल्ले हो तिनं. चटणी मागून घेऊन खाल्ले.

तर तो सोमवार. अपर्णा डेपोत पोचली तेव्हा खुर्च्या खरोखरच लागलेल्या होत्या. आगीतून वाचलेलं छोटं शेड सुनावणीसाठी झाडून घेतलं होतं. पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, मधून वाट, समोर हिरवं कापड घातलेलं टेबल. वर पत्र्यावर बारीक पाऊस वाजत होता. टेंटवाले सवारी बघायला पळाले होते. दूर गावातून ढोलांचा आवाज यायचा आणि मध्येच बुडायचा. तिनं रांगा सारख्या केल्या, रिकाम्या खुर्च्यांवर पडलेला बाभळीचा पाला झटकला, आणि मनाशी म्हणाली, अर्धा तास, मग संपलं.

तीन वाजता अध्यक्ष म्हणून नेमलेले साहेब आले. शहराचे अधिकारी. कपाळावर ताजं भस्म, बोलणं सगळं हिंदीत, आणि डोळा घड्याळावर, कारण सवारीत त्यांचीही ड्यूटी होती. त्यांच्यामागून अभिजीत सर आले. चित्रण करायला टावर चौकातला हर्षल होता. लग्नांचे व्हिडिओ काढणारा हा बोलका गृहस्थ आल्यापासून बडबडत होता. "ताई, इतकी शांत बारात मी जिंदगीत शूट केली नाही. नवरा-नवरी पण नाही!" अपर्णा हसली. समोर खरंच एक माणूस नव्हता.

साहेबांनी वाचायला सुरुवात केली. भूखंड किती, विक्री कशी, कर्ज किती वर्षांचं, बाग कुठे. ओट्याचा शब्दही त्यात नव्हता. जमिनीचं वर्णन होतं 'पूर्णतः रिक्त'. तो शब्द अपर्णानंच टाइप केला होता.

त्या शब्दाशी कुठेतरी वास सुरू झाला. आधी तिला वाटलं, पावसानं भिजलेल्या गोणपाटाचा असेल. मग त्यात करपलेला काथ्या मिसळला. मग रॉकेल. शेड तर चारी बाजूंनी उघडं होतं, वास टिकायचं काही कारण नव्हतं. हर्षलनं नाक पुसलं आणि मागे वळून बाभळींकडे बघितलं. साहेबांनी वाचता वाचता खिशातून रुमाल काढून तोंडाशी धरला. पण थांबले नाहीत.

"किसी को कोई आपत्ति हो तो खड़े होकर बताएँ," साहेब रिकाम्या खुर्च्यांना म्हणाले. रीत होती, हरकत आहे का हे विचारावंच लागतं.

पत्र्यावरचा पाऊस थांबला. हळूहळू ओसरला असंही नाही, नळ बंद करावा तसा थांबला. पागोळ्यांचा टपटप आवाज तेवढा राहिला.

साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. दुसऱ्यांदा विचारलं.

प्लास्टिकच्या खुर्चीत भारी माणूस जरा हलला की ती कशी कुरकुरते, माहीत आहे ना? तसा आवाज आला. एकीचा आला. मग मागच्या रांगेतून. मग इकडून, तिकडून, मधून. लोक पुढे सरकून नीट ऐकायला लागावेत तसं चाललं होतं. अपर्णानं टेबलाची कड धरली आणि अभिजीत सरांकडे बघितलं. सर आपल्या बुटांकडे बघत होते, आणि कितीतरी वेळ बुटांकडेच बघत राहिले.

"ताई..." हर्षल पुटपुटला. "चालू ठेवू का... बंद करू?"

तिसऱ्यांदा विचारायचं होतं. साहेबांनी कागद वर उचलून तोंडासमोर धरला आणि कागदाआडून घाईघाईनं म्हणाले, "किसी को कोई आपत्ति?"

आणि खुर्च्या सरकल्या.

माणूस उठताना खुर्ची मागे सारतो ना, तशा. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, फरशीवर खरखरत, प्रत्येक खुर्ची हातभर मागे गेली. आवाज शेडभर घुमला आणि थांबला. तिनं तासाभरापूर्वी सारख्या केलेल्या रांगा आता वाकड्यातिकड्या होत्या. खुर्च्यांवर कुणी नव्हतं. खुर्च्यांपुढेही कुणी नव्हतं. पण उभ्या माणसांसमोर आपण बसलेलो असलो की आपल्याला जसं ठेंगणं वाटतं, तसं त्या चौघांनाही वाटलं असणार, कारण साहेबांनी नकळत मान वर केली होती.

भुतं दिसली म्हणून माणसं किंचाळतात, पळतात, असं आपण ऐकतो. खरी भीती वाटावी अशी गोष्ट त्या शेडमध्ये पुढे घडली. कुणी किंचाळलं नाही. कुणी पळालं नाही. हर्षलनं कॅमेरा हळूच वळवून टेबलाकडे केला. अभिजीत सर खाकरले आणि म्हणाले, "पत्रा... पत्रा वाजतो फार पावसात." पाऊस थांबलेला होता. आणि साहेब, रुमालामागून, अपर्णाकडे न बघता म्हणाले, "तो कोई आपत्ति नहीं है। मॅडम, लिख लीजिए।"

सगळे तिच्या पेनाकडे बघायला लागले.

तिला बोलता आलं असतं. "सर, उठलेत लोक," एवढं म्हणायचं होतं. पहिल्या रांगेत वाटेच्या कडेची एक खुर्ची बाकीच्यांपेक्षा जास्त मागे गेली होती. पाय लांब असलेला माणूस उठावा तितकी. काकूंचा नवरा उंच होता. दारातून वाकून यायचा, असं काकू हजारदा सांगायच्या. अपर्णानं त्या खुर्चीकडे बघितलं, आणि नजर वळवली ती भीतीनं नव्हे. लाजेनं. ज्यांना बोलायला जीभ उरली नाही ती माणसं तिच्यासमोर रीतसर, सांगितल्याप्रमाणे, उठून उभी होती. आणि धडधाकट जिभेची ती, म्हणाली, "जी सर." आणि लिहिलं.

साहेबांनी सही केली आणि निघाले ते जवळजवळ धावतच. टेबलापासून बाहेर जायला खुर्च्यांमधली वाट एकच. अभिजीत सर अंग चोरून, खांदा तिरका करून गेले, दाटीतून जातो तसे. अपर्णा शेवटी गेली. बसल्याचा आवाज आलाच नव्हता. म्हणजे ते सगळे अजून उभेच होते. दोन्ही बाजूंनी ऊब लागत होती. पावसाळी गारठ्यात, उघड्या शेडमध्ये, माणसांची ऊब. ती मान खाली घालून चालत गेली. वर बघायची तिची छाती नव्हती.

फाटकाशी हर्षलनं कॅमेऱ्यातलं कार्ड काढून तिच्या हातावर ठेवलं. त्याची बडबड पार आटली होती. "ताई, मी हे बघणार नाही. एडिट बिडिट काही सांगू नका मला." किक मारताना तो थांबला. "आपण काही बोललो का नाही हो?" तो गेला.

परत येताना सवारीच्या गर्दीत ती अडकलीच. ढोल, झांजा, डमरू, गुलाल, माणसाला माणूस चिकटलेलं. पण तिच्या स्कूटीच्या मागे मात्र जागा मोकळी होती. लोक तिथं शिरत नव्हते. दोन बायका तिच्यामागे येता येता थबकल्या आणि बाजूनं वळसा घालून गेल्या. बॅरिकेडशी पोलिसानं तिला हात केला.

"आप निकल जाइए मॅडम." मग तिच्या खांद्यावरून मागे बघत, वैतागून म्हणाला, "बाकी लोग रुको। एक-एक करके। इतने लोग एक साथ नहीं जाएँगे।"

अपर्णानं मागे वळून बघितलं नाही. तिनं गाडी दामटली.

ती स्वतःच्या घरी गेली नाही. तसं ठरवलं काहीच नव्हतं, पण गाडी लागली ती समोरच्या बिल्डिंगीखाली. दिवेलागण झाली होती. तिला एवढंच कळत होतं की काकूंसमोर बसायचं, सगळं ओकून टाकायचं, त्या मारतील तर मार खायचा, आणि उद्या ते लिहिलेलं खोडून टाकायचं. सही झाली असली तरी कागद अजून उज्जैनातच होता. अजून वेळ गेलेली नव्हती.

दार उघडंच होतं. काकू पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. अंगावर घडी मोडलेलं चांगलं लुगडं. देवापाशी समई, उदबत्ती.

"ये. मी वाटच बघत होते." आवाज अगदी रोजचा. "आज होती ना गं सुनावणी?"

अपर्णा दारातच थिजली. "तुम्हाला... कुणी सांगितलं?"

"यांनी." काकू लाजल्यासारख्या हसल्या. "दुपारी जरा डोळा लागला, तर हे उभे. तिथंच, तू उभी आहेस ना तिथं. म्हणाले, सुनावणी आजच आहे, पण तू येऊ नको, चिखल आहे फार. आम्ही सगळे जातोय. आम्ही सांगू." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "एवढ्या वर्षांत कधी स्वप्नातसुद्धा आले नव्हते बघ. तू मला दुसरी तारीख का सांगितली, ते मी विचारत नाही. असेल तुझी काही मजबुरी. एवढंच सांग. आले होते का गं ते? उभे राहिले का?"

खोट्याचा हिशेब त्यांनी एका वाक्यात सोडून दिला होता. आता फक्त हो म्हणायचं होतं. हो काकू, आले होते. सगळे उठले. आम्ही चौघांनी बघितलं आणि लिहिलं नाही. अपर्णाच्या ओठांवर ते आलं होतं. पण 'हो' म्हटलं की पुढचा प्रश्न येणार. मग तू काय केलंस? त्या प्रश्नासमोर उभं राहायची तिची तयारी नव्हती. लाजेपायी माणूस दुसऱ्यांदा तेच करतो, तसं झालं.

"नाही काकू," ती म्हणाली. "कुणीच आलं नव्हतं."

काकूंनी तिच्याकडे बघितलं. मग तिच्या मागे बघितलं, दारापलीकडच्या जिन्याकडे, आणि बघतच राहिल्या. हळूहळू गुडघ्यांवर हात देऊन उठल्या. डोक्यावरून पदर घेतला. पुढे येऊन दाराची दुसरी फळीही उघडली आणि बाजूला सरून उभ्या राहिल्या.

"या," त्या जिन्याकडे बघून म्हणाल्या. "या, सगळे या. चपलाबिपला राहू द्या." आणि मग अपर्णाला, अगदी शांतपणे, "तू नीघ आता. बसायला जागा पुरायची नाही."

"काकू..."

"नीघ गं."

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. परक्या बाईला सांगावं तसं त्यांनी सांगितलं, आणि तेच अपर्णाच्या जिव्हारी लागलं. ती बाहेर आली. जिना अरुंद, दोन माणसं धड बाजूबाजूनं जात नाहीत असा. पाचएक पायऱ्या उतरली असेल नसेल, आणि तिला भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं, कारण लोक वर येत होते.

खांद्याला खांदा घासून जात होता. ओलं खाकी कापड. करपलेला काथ्या. कुणी उंच होता, त्याचा श्वास तिच्या केसांवरून गेला. एकाच्या मागून गुलाबाचा वास आला. कुणी तिला धक्का दिला नाही, कुणी अडवलं नाही. प्रत्येक जण तिच्यासमोर आला की किंचित अंग चोरायचा, बाईमाणूस उभं आहे म्हणून. तिनं डोळे मिटून घेतले होते आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. वर काकूंचं "या, या, बसा," चाललं होतं. मग तेही थांबलं.

अपर्णानं डोळे उघडले. एक पायरी खाली, तिच्या समोरच, अजून कुणीतरी होतं. दिसत नव्हतं. पण जिन्यातल्या दिव्याचा उजेड तिथं नीट पडत नव्हता, आणि ऊब होती.

"आमचे सगळे आले, अपर्णा," वरून काकू म्हणाल्या. "दार लावते."

"काकू... एक जण राहिलेत..." त्या दिवसातलं तिचं हे पहिलं खरं वाक्य. "इथं... थांबलेत माझ्यापाशी."

काकू दारातून वाकल्या. डोळे बारीक करून त्यांनी खाली बघितलं, वेळ लावून, नीट.

"हे आमच्यातले नाहीत गं," त्या म्हणाल्या. दाराच्या दोन्ही फळ्या मिटल्या, आतून कडी लागली.

खाली उभं होतं ते हललं नाही. टेबलापुढे आपला नंबर यायची वाट बघत लोक उभे राहतात, तसं ते उभं होतं. घाई नाही, तक्रार नाही. त्याला करपलेल्या काथ्याचा वास नव्हता. तळ्याच्या गाळाचा होता.

गेल्या सहा वर्षांत अपर्णानं गावोगावी, कधी तळ्यासाठी तर कधी रस्त्यासाठी, अशा पुष्कळ सुनावण्या घेतल्या होत्या. एकीतही कुणाची हरकत नोंदली गेली नव्हती. ती भिंतीला पाठ लावून तशीच उभी राहिली, आणि खाली जिन्याच्या तोंडाशी आणखी पावलं वाजायला लागली.